भोकं वाजवणारा पियानो

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये शिरलं की आधी मेन स्ट्रीट लागतो. तिथल्या पेनी आर्केडमध्ये एक भलंथोरलं लाकडी कपाट उभं आहे. ते आहे जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कारखान्यातलं ऑर्केस्ट्रियन. आत ऑर्गनच्या नळ्या आहेत, ताशे-ढोल आहेत, वादक मात्र कुणीच नाही. 17 जुलै 1955 ला बाग उघडली तेव्हाही हे कपाट वयस्करच होतं.

मग वाजवतं कोण? वीज म्हणाल, तर ती नुसती पंप आणि गुंडाळी फिरवते. कुठला सूर कधी लागायचा, हे ठरवतात कागदाला पाडलेली भोकं!

या घराण्यातला समजायला सगळ्यात सोपा म्हणजे आपोआप वाजणारा पियानो. आपल्या पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो. इथला भाता ती आत ओढतो. कागदाची गुंडाळी एका पितळी पट्टीवरून सरकत जाते. पट्टीला 88 छिद्रं, म्हणजे पियानोच्या प्रत्येक सुरासाठी एक. कागद त्यांच्यावर झाकण घालून बसलेला असतो. कागदातलं भोक एखाद्या छिद्रावर आलं, की बाहेरची हवा सुळकन आत शिरते आणि चामड्याच्या एका पातळ चकतीखाली जाऊन तिला फुगवते. चकती झडप उचलते, झडपेमागचा चिमुकला भाता शोषला जाऊन मिटतो, आणि तो मिटताना हातोडी तारेवर आदळते. एवढं सगळं होतं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत.

पण खरी गंमत पुढे आहे. भोक सरकून गेलं, छिद्र पुन्हा झाकलं गेलं. चकतीखाली अडकलेल्या हवेचं काय? ती तिथेच राहिली तर चकती फुगलेलीच राहील आणि सूर सुटणारच नाही. म्हणून प्रत्येक सुरामागे एक सुईएवढं छिद्र कायम उघडं ठेवलेलं असतं. त्यातून हवा निघून जाते आणि चकती खाली बसते. थोडक्यात, एकही फट राहू नये म्हणून आटापिटा करून बांधलेल्या या यंत्रात 88 गळत्या मुद्दाम ठेवलेल्या असतात!

1908 मध्ये अमेरिकी कारखानदार बफेलो शहरात जमले आणि सव्वाअकरा इंच रुंदीचा कागद सर्वांनी मान्य केला. त्यामुळे एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या पियानोवर चालू लागली. वेल्टेने तर त्याआधीच बोटांचा जोरही कागदावर उतरवला होता. संगीतकार गुस्ताव माहलर 1905 मध्ये त्यांच्याकडे वाजवून गेला. त्याच्या हातचं वादन आज ऐकायला मिळतं ते केवळ त्या गुंडाळ्यांमुळे. आणि 1942 मध्ये अभिनेत्री हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पेटंट मिळवलं ते टॉर्पेडोच्या रेडिओ संदेशांचं. शत्रूला संदेश अडवता येऊ नये म्हणून ते सतत लहरी बदलणार, आणि दोन्ही टोकांचा मेळ ठेवणार पियानोसारख्या कागदी गुंडाळ्या. लहरी किती? 88!

आता हे सांभाळायचं कसं? जे यंत्र दिवसभर हवा ओढतं, ते धूळही ओढणारच, आणि बागेत धुळीला काय तोटा? ती नेमकी त्या सुईएवढ्या छिद्रात जाऊन बसते. मग सूर अडकतो. पितळी पट्टी हातपंपाने साफ करावी लागते, रबरी नळ्या कडक झाल्या की बदलाव्या लागतात, कागदाच्या कडा फाटल्या की नवी प्रत काढावी लागते. शिवाय पियानो तो पियानोच. सव्वादोनशेच्या आसपास तारा, त्यांचा एकूण ताण अठरा-वीस टन. हवेत दमटपणा वाढला की लाकडी ध्वनिफलक फुगतो आणि सूर चढतात. हवा कोरडी पडली की उतरतात. ते लावायला शांतता हवी, आणि ती बागेत मिळणार फाटक उघडण्याआधीच.

भात्यांचं कापड आणि चामडं चिकटवायला जुने कारागीर सरस वापरत. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, लाकडाला धक्का लागत नाही. म्हणजे कापड कधीतरी उतरवावं लागणार, हे त्यांनी धरूनच चालवलं होतं. मध्यंतरी कुणीतरी हौसेने पांढरा आधुनिक गोंद लावून ठेवला असेल, तर दुरुस्ती करणारे कपाळाला हात लावतात: कापडाबरोबर लाकडाचे ढलपेच निघून येतात.