ट्रॅक्टरचीं चाकें आणि आपले ऋतु

ट्रॅक्टर घेतांना आमचे शेतकरी बंधु इंजिनाची अश्वशक्ति विचारतात, हप्ता विचारतात, रंगहि विचारतात. परंतु चाकाचें माप काय, व तें कोणत्या ऋतूंत कसें वागेल, हें क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः इंजिनाची सर्व ताकद जमिनीस पोहोंचते ती चाकाखालच्या हातभर जागेंतूनच.

प्रथम मापाची भाषा पाहूं. मागील टायरवर १३.६-२८ असें लिहिलेलें असतें. पहिला आंकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास; दोन्ही इंचांत. रेडियल टायरवर हेंच माप ३४०/८५ आर २८ असें येतें: रुंदी ३४० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ८५, रिम तोच. सातबारा वाचणाऱ्यास हें मुळींच कठीण नाहीं.

युरोपांतील हिमप्रदेशांत मोटारीस हिवाळ्यासाठीं निराळे टायर चढवितात. ते पुष्कळदां अरुंद असतात, कारण अरुंद टायर बर्फ चिरून खालच्या कठीण रस्त्यास भिडतो. आपल्या काळ्या रानांत न्याय उलटा आहे. तेथें कठीण तळ जवळ नसतो. अरुंद चाक चिरत चिरत खालींच जातें. म्हणून ओलीच्या दिवसांत तेथें रुंद टायर व कमी हवा हवी. कपाशीच्या ओळींतून कोळपणी करावयाची असल्यास मात्र अरुंद चाकाशिवाय गत्यंतर नाहीं. भातखाचरांत चिखलाखालीं टणक थर असतो, व चिखलणीस लोखंडी पिंजऱ्याचीं चाकें जोडतात. तीं डांबरी रस्त्यावर नेणें म्हणजे सर्वांचा रस्ता नांगरणें होय.

मातीच्या वरच्या थरावर पडणारा दाब टायरमधील हवेच्या दाबाच्या आसपास असतो. खोल थरांतील दाब मात्र आंसावरील एकंदर वजनावर ठरतो. हा भेद फार महत्त्वाचा आहे. ओल्या रानांत उसाची भरलेली ट्रॉली घातली, तर रुंद टायर घेऊनहि खालची माती दडपली जातेच, आणि तो थर पुढें नांगराच्याहि हातीं लागत नाहीं. पैसेवारीच्या कामानिमित्त आम्ही वर्षानुवर्षें शिवारें हिंडलों. चाकोरीच्या पट्ट्यांतील पीक खुरटलेलें व तेथेंच पाणी सांचलेलें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे.

उन्हाळी वाहतुकीचा नियम निराळा. शेतांत मागील टायरला साधारण १२ पौंड हवा पुरते. रस्त्यावर ओझें ओढतांना ती १८ पौंडांच्या सुमारास न्यावी लागते. नेमका आंकडा यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत पाहावा. शेतांतल्याच हवेवर डांबरी रस्ता धरला, तर टायरच्या बाजू सारख्या दुमडतात, तापतात, व आंतील धागे तुटतात. हवा सकाळीं, चाक थंड असतांना मोजावी. दुपारीं तापलेल्या टायरमधून वाढलेली हवा सोडूं नये. रात्रीं तो टायर कमी हवेचा होतो.

माप जमलें कीं नाहीं, हें खडूच्या एका रेघेनें कळतें. चाकावर खूण करून रिकाम्या ट्रॅक्टरचे दहा फेरे मोजावे. समजा, अंतर ३९ मीटर भरलें. मग नांगर लावून तेच दहा फेरे मोजावे. ३४ मीटर भरल्यास घसर शेंकडा १३. हें ठीक आहे. २५ मीटरच भरल्यास डिझेलचा मोठा हिस्सा माती उकरण्यांत जात आहे.

चार चाकांनीं ओढणाऱ्या ट्रॅक्टरविषयीं विशेष सांगणें आहे. त्याचीं पुढचीं चाकें मागच्यांहून शेंकडा १ ते ५ अधिक वेगानें फिरावीं, असा दांत्यांचा हिशेब कारखान्यांत बसविलेला असतो. आमच्या शेजारच्या गांवीं एका गृहस्थांनीं दुकानदाराच्या शब्दावर केवळ मागचे टायर मोठे बसविले. हिशेब मोडला, पुढचीं चाकें फरफटूं लागलीं, आणि दोन हंगामांत पुढच्या आंसाचे दांते गेले. दुरुस्तीपायीं त्यांस बैलजोडी विकावी लागली. दुकानदाराचें कांहींच गेलें नाहीं. माप बदलावयाचें तर चारहि चाकांचें, निर्मात्याच्या तक्त्यावरून बदलावें. एकाच आंसावर एक रेडियल व एक साधा टायर घालूं नये.

भारी नांगरटीसाठीं चाकांत पाणी भरतात. व्हॉल्व्ह वर घेऊन तीन चतुर्थांशच भरावें. नांगरट संपतांच, पहिल्या पावसाआधीं, तें काढून टाकावें.