बक्षिसाचा चेक नाही, थेट सरकारी काम!

स्टार्टअप स्पर्धा म्हटलं की मोठा चेक आणि फोटो आठवतो. पण महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहाचं गणित वेगळं आहे. 2018 मध्ये महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीने तो सुरू केला. निवडलेले 100 स्टार्टअप परीक्षकांपुढे आपली कल्पना मांडतात, त्यातले 24 विजेते ठरतात. विजेत्यांना बक्षीस म्हणून सरकारी खात्याकडून वर्क ऑर्डर (सुरुवातीच्या वर्षांत 15 लाखांपर्यंतची)! म्हणजे पहिलं मोठं गिऱ्हाईक थेट सरकार. क्षेत्रं शेती, आरोग्य, शिक्षण, प्रशासन अशी.

अर्ज करायचाय? मग हे बघा:

🔹 केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी या विभागाची स्टार्टअप मान्यता आधीच काढून ठेवा.

🔹 ‘शेतकऱ्यांचा फायदा’ असं मोघम लिहू नका. ‘द्राक्षबागेतली एक फवारणी वाचते, एकरी खर्च इतका कमी होतो’ असं लिहा आणि आकडा स्वतःच्या चाचणीतला द्या.

🔹 वर्क ऑर्डरमध्ये नेमकं काय करणार ते मांडा: कुठला तालुका, किती महिने, यश कशावर मोजायचं.

🔹 ‘आम्हाला स्पर्धकच नाही’ हे वाक्य खोडा. कागदी रजिस्टर हासुद्धा स्पर्धकच असतो.

🔹 सरकारी बिलं निघायला वेळ लागू शकतो. तोवर पगार कुठून द्यायचे, याची तजवीज असू द्या.

आणि नंबर नाही आला तरी खचू नका. वेबसाइटचा मजकूर वेगाने पोचवणारी अकामाय ही कंपनी 1998 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या उद्योजकता स्पर्धेत अंतिम फेरीत पोचली होती, जिंकली मात्र नाही. पुढच्याच वर्षी ती शेअर बाजारात उतरली!

अर्ज भरणाऱ्या मित्राला टॅग करा. 👇

#स्टार्टअप #मराठीउद्योजक