निजामपुऱ्यातून बाहेर पडणारे सारे

वडोदऱ्याच्या उत्तर भागात, फतेगंज आणि छाणी यांच्या मध्ये निजामपुरा आहे. सोसायट्या, जुने बंगले, दुकाने, शाळा असा हा राहत्या घरांचा भाग. तरीही शहराच्या पर्यावरणाचे बहुतेक प्रश्न इथे हाताच्या अंतरावर आहेत. वायव्येला आणि पश्चिमेला बाजवा, कोयली, रणोली, नंदेसरी हा रसायन उद्योगांचा पट्टा पसरला आहे. पावसाचे पाणी वाहून नेणारी भूखी कांस याच बाजूने विश्वामित्रीकडे जाते. आणि घराघरांतला कचरा कॉर्पोरेशनच्या गाडीतून शहराच्या दक्षिणेला, अटलादरा-जांबुवाच्या दिशेने जातो. हवा, पाणी आणि कचरा या तिन्ही बाबतींत शहराने वर्षानुवर्षे एकच उपाय केला: घाण दूर पाठवायची. हा उपाय कुठे चालला आणि कुठे फसला, हे पाहण्यासारखे आहे.

आधी हवा. 1960 च्या दशकात कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि बाजव्याजवळचा खतकारखाना उभे राहिले, मग पेट्रोकेमिकल्स आली, नंदेसरीची औद्योगिक वसाहत वाढली. वडोदऱ्याला रोजगार मिळाला, हे खरेच. उंच धुराड्यांमागचा हिशेब साधा होता: धूर वर सोडला की वारा तो पांगवून टाकतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात ते बऱ्याच अंशी घडतेही. हिवाळ्याच्या रात्री मात्र जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार थर झाकणासारखा येतो आणि वाहनांचा धूर, रस्त्यावरची धूळ, कुठेतरी पेटवलेला पालापाचोळा हे सगळे माणसाच्या नाकाच्या उंचीवर अडकून राहते. 2.5 मायक्रोमीटरपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. भारताच्या मानकानुसार त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 5 वर आणली. दोन आकड्यांतले अंतर बोलके आहे.

पालापाचोळा जाळणे ही किरकोळ गोष्ट मानली जाते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकरणात 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवला. पण सकाळी झाडलोट करून आसोपालवाच्या पानांच्या ढिगाला काडी लावणाऱ्याला कोणी अडवत नाही, कारण त्याला ढीग ठेवायला दुसरी जागा कोणी दिलेली नसते.

वातावरणाच्या गोष्टीत शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यातले रणजितनगर जगभर गाजले, ते वेगळ्या कारणाने. ओझोनचा थर वाचवण्यासाठी 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि जुनी शीतक द्रव्ये टप्प्याटप्प्याने बाद होऊ लागली. रणजितनगरच्या कारखान्यात एसीत वापरले जाणारे एचसीएफसी-22 तयार होई. ते बनवताना एचएफसी-23 हा वायू आपोआप निघतो. ओझोनला तो धक्का लावत नाही, मात्र उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडला दहा हजारपटींहून अधिक मागे टाकतो. हा वायू हवेत सोडण्याऐवजी भट्टीत जाळून नष्ट करण्याचा इथला प्रकल्प 2005 मध्ये क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदला गेला. त्या यंत्रणेतल्या जगातल्या पहिल्या काही प्रकल्पांपैकी तो एक. पुढे जगभरातून टीका झाली की अशा कारखान्यांना मूळ मालापेक्षा त्यातला उपद्रवी वायू जाळण्याचेच पैसे जास्त मिळतात. म्हणजे घाण निर्माण करणेच फायद्याचे. युरोपने 2013 पासून अशा प्रकल्पांतून मिळणारी कार्बन क्रेडिट्स घेणे बंद केले. 2016 मध्ये भारत सरकारने उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करायला सांगितले. ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून असती तर बराच खटाटोप वाचला असता.

पाण्याच्या बाबतीत दूर पाठवण्याचा उपाय अक्षरशः अमलात आला. वडोदऱ्याच्या उद्योगांचे सांडपाणी समुद्राकडे नेण्यासाठी 1983 पासून सुमारे 55 किलोमीटर लांबीचा खास कालवा सुरू झाला. तो धनोऱ्यापासून निघून खंभातच्या आखाताजवळ रिता होतो. सांडपाणी आधी ठरलेल्या दर्जापर्यंत शुद्ध करायचे आणि मगच कालव्यात सोडायचे, अशी अट. अट पाळली गेली नाही की त्रास शहराला न होता वाटेवरच्या गावांना होतो, आणि तिथल्या विहिरींबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत.

विश्वामित्रीचे तसे नाही. ती शहराच्या मधूनच वाहते. पावागडच्या डोंगरात उगम पावून, वडोदरा ओलांडून ती पुढे ढाढर नदीला मिळते. भर शहरात मगरी राहतात अशी ही देशातली विरळा नदी. मादी मगर उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याआधी पिल्ले बाहेर पडतात. त्यामुळे काठ सिमेंटने बांधून काढला की नदी देखणी दिसेल, पण मगरीला घर उरणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. 2021 च्या मे महिन्यात हरित लवादाने विश्वामित्रीसाठी कृती आराखडा राबवण्याचा आदेश दिला, त्यात पूरमैदाने आणि घळी राखण्याचा मुद्दा होता. त्याचे महत्त्व ऑगस्ट 2024 मध्ये कळले. धोक्याची पातळी 26 फूट असताना नदी 37 फुटांवर गेली, निम्मे शहर पाण्यात गेले आणि वनखात्याला वस्त्यांमधून मगरी पकडाव्या लागल्या.

पुराला अतिवृष्टी कारण असतेच. 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस पडला होता. पण पाणी तुंबण्यात कांसेचा वाटा मोठा. भूखी कांस वर्षातले बरेच महिने कोरडी असते, आणि कोरडा ओढा लोकांना कचराकुंडी वाटतो. कागद-भाजीपाला कुजतो. वेफरची पाकिटे, पातळ पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या राहतात आणि पहिल्या मोठ्या पावसात नळीच्या तोंडाशी बसतात.

म्हणून प्रश्न घरातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी येतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. तो प्लॅस्टिकसकट कचरा डेपोत दडपला गेला की हवा न मिळता कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापदायक. तोच कचरा सोसायटीच्या कोपऱ्यात वाळक्या पानांबरोबर थराथराने रचला, अधूनमधून वरखाली केला, तर दीड-दोन महिन्यांत खत होते. जाळला जाणारा पालापाचोळा इथे उपयोगी पडतो, कारण भाजीच्या देठांत नायट्रोजन जास्त आणि पानांत कार्बन जास्त. दोन्ही मिसळले की वास येत नाही. वास आला तर पाणी जास्त झाले किंवा पाने कमी पडली, एवढेच समजायचे.

सुक्या कचऱ्याची शाळा मात्र दुधाच्या पिशवीपासून सुरू व्हावी. ही पिशवी एकाच जातीच्या मऊ प्लॅस्टिकची असते, पस्तीवाला किंवा भंगारवाला ती घेतो आणि तिचे दाणे बनून पुन्हा वस्तू होते. पण दोन गोष्टी लागतात. एक, पिशवी विसळून वाळवलेली असावी. आंबलेल्या दुधाची पिशवी बाकीचा गठ्ठाही खराब करते. दुसरी, कोपरा पूर्ण कापून टाकू नये. तो नखाएवढा तुकडा कुठल्याच गठ्ठ्यात जमत नाही, मोरीतून थेट गटारात जातो. कात्री अर्ध्यावर थांबवली की तो पिशवीलाच लटकलेला राहतो. सहा वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवले की पुढे आईची चूक तेच दाखवते.

त्यानंतरचा धडा बाटलीच्या बुडाचा. तिथे त्रिकोणात 1 ते 7 पैकी एक आकडा असतो: 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट, 2 म्हणजे शाम्पूच्या डब्याचे जाड प्लॅस्टिक, 5 म्हणजे गरम पदार्थाचे डबे. मुलांना आकडे शोधायला आवडतात. चकचकीत वेफरचे पाकीट मात्र कुठल्या एका जातीचे नसते. त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर चिकटवलेले असतात, ते सुटे करणे परवडत नाही म्हणून भंगारवाला ते घेत नाही. ‘हे का घेत नाही’ या प्रश्नाचे उत्तर मुलाला मिळाले की पुनर्चक्रीकरण होणारे आणि न होणारे प्लॅस्टिक यांतला भेद वेगळा शिकवावा लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण शाळांत सक्तीचे करण्याचा आदेश दिला. 2001-02 पासून राष्ट्रीय हरित सेनेतून शाळाशाळांत इको क्लब आले. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते, तेव्हा मुलामार्फत घराला शिकवणे या शहराला नवे नाही. अडचण अशी की बहुतेक शाळांत हा विषय 5 जूनच्या पर्यावरण दिनाची चित्रस्पर्धा आणि एक रोप इथेच संपतो.

उपयोगी पडतो तो तराजू. वर्गाने एका आठवड्याचा डब्यांतला कचरा वर्तमानपत्रावर पसरावा, हातमोजे घालून ओला, कागद, प्लॅस्टिक, धातू असे ढीग करावेत आणि वजन फळ्यावर लिहावे. पुढच्या महिन्यात पुन्हा तोलावे. पेन्सिल सेल, ट्यूबलाइट आणि बिघडलेले चार्जर या ढिगांत येऊ द्यायचे नाहीत. त्यांतल्या शिसे, पारा अशा धातूंमुळे ते झाकणाच्या वेगळ्या डब्यात, मोठ्या माणसाच्या हातून जातात, आणि भंगारवाल्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोहोचवावे लागतात.