परसबागेतील मित्रकीटक

अंजनगाव सुर्जी पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. विड्याचे पान काय किंवा परसातील चवळीची शेंग काय, तोडताच घरात येते; म्हणून फवारणीपूर्वी झाड न्याहाळणे इष्ट. चवळीच्या शेंड्यावर मावा असतो, तेथेच काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या, इवल्या सुसरीसारख्या अळ्या फिरतात. शत्रू समजून त्या चिरडल्या जातात. वस्तुतः त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या अळ्या असून मावा हेच त्यांचे अन्न होय. याच कुळातील क्रिप्टोलीमस भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. तो पिठ्या ढेकूण फस्त करतो. मुंग्या मात्र गोड स्रावासाठी माव्याची राखण करतात. प्रथम त्यांची वाट अडवावी. कडेला बडीशेप, कोथिंबीर फुलू द्यावी. प्रौढ मित्रकीटकांना मकरंद व पराग मिळतो. विषारी फवाऱ्याने ढालकिडाही मरतो आणि मावा त्याच्याआधी परततो.