३३७ टनांमागचे ११ लाख टन

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या जुन्या युनियन कार्बाइड कारखान्यातून १२ कंटेनर बाहेर पडले. पुढेमागे पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमनाचे बंब. पीथमपूरपर्यंतचा अडीचशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा केलेला. आत ३३७ टन विषारी कचरा होता. १९८४ च्या वायुकांडाला तेव्हा ४० वर्षे होऊन गेली होती. जून संपेपर्यंत पीथमपूरच्या भट्टीत हा सगळा कचरा जाळून झाला आणि भोपाळचे विष एकदाचे गेले, असे पुष्कळांना वाटले. क्षणभर मलाही वाटले.

मग २०१० चा अहवाल आठवला. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था ‘नीरी’ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था यांनी कारखान्याच्या आवारातली जमीन तपासली होती. दूषित मातीचा त्यांचा अंदाज होता ११ लाख टन.

भागाकार करून पाहा. भट्टीत गेलेल्या प्रत्येक किलो कचऱ्यामागे सव्वातीन टन माती मागे उरते. ही माती २० टनी ट्रकांत भरली तर ५५,००० ट्रक लागतील. एका ट्रकला मागच्यापुढच्या अंतरासह पावणेतेरा मीटर जागा धरली, तर नागपूरकडून निघालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, शेवटच्या टोकापर्यंत, एका रांगेत भरून जाईल. त्या रात्री निघालेले १२ कंटेनर याच रांगेत उभे केले, तर रांग दीडशे मीटरवर संपते.

आता भट्टीचा वेग घ्या. मे-जूनमध्ये ती ताशी २७० किलो कचरा जाळत होती. त्याच वेगाने, रात्रंदिवस न थांबता, ११ लाख टन जाळायला ४६५ वर्षे लागतील. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ७० वर्षे आधी जाळ लावला असता, तर २०२५ मध्ये काम संपले असते. खर्चाचेही तसेच. या कचऱ्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले, किलोमागे ३,७०० रुपयांहून जास्त. या दराने सगळ्या मातीचा हिशेब चार लाख कोटींच्या पुढे जातो. महाराष्ट्राच्या एका वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या निम्म्याहून अधिक. शिवाय जाळले म्हणजे संपले, असेही नाही. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे ३३७ टनांची राख साडेआठशे टनांच्या वर भरली. तिलाही कायमची, पाणी न शिरणारी जागा हवीच.

एवढी माती कोणी जाळणार नाही, हे उघड आहे. नीरीनेही जाळायला सांगितले नव्हते. आवारातच बंदिस्त खड्डा करून माती त्यात गाडावी आणि भूजल उपसून शुद्ध करावे, असे सुचवले होते. तरी हा हिशेब मला मांडावासा वाटला, कारण डोळ्यांना दिसणारा कचरा आणि जमिनीत मुरलेले विष यांत केवढा फरक असतो, ते त्यातून कळते. एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. ही माती वायुकांडाच्या रात्री सुटलेल्या वायूने नासलेली नाही. १९६९ पासून १९८४ पर्यंत, कारखाना रोज नेमाने चालू असताना, कीटकनाशकांचा गाळ, द्रावके आणि पारा आवारात टाकला जात होता. १९७७ पासून सांडपाणी बाहेरच्या मोठ्या तलावांत सोडले जाऊ लागले. तळाशी प्लास्टिक अंथरलेले, उन्हाने पाणी उडून जावे म्हणून बांधलेले तलाव.

पाणी नासवायला किती विष पुरते? आसपासच्या हातपंपांच्या पाण्यात जी द्रव्ये सापडली, त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड होते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. या द्रवाची एक लिटरची बाटली दीड किलोहून थोडी जास्त भरते. ती बाटली मर्यादेपर्यंत पातळ करायला जवळपास ३२ कोटी लिटर पाणी लागेल. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारे १०,००० लिटरचे टँकर आपल्या ओळखीचे आहेत. तसे ३२,००० टँकर, एका बाटलीसाठी.

म्हणूनच अशी जमीन तपासणे अवघड. ठरावीक अंतरावर भोके पाडायची, वेगवेगळ्या खोलीवरची माती बरणीत भरायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे एका चाचणीला पाच-दहा ग्रॅम माती लागते. समजा १,००० नमुने घेतले, तर प्रत्यक्ष तपासली जाते फार तर १० किलो माती, आणि निर्णय घ्यायचा ११० कोटी किलोंबद्दल. दोन भोकांच्या मधे एखादे पिंप पुरलेले असेल, तर ते कागदावर येतच नाही.

एवढी माती माणसाच्या हाताबाहेरची आहे का? लंडनकडे पाहिले की तसे वाटत नाही. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी शहराच्या पूर्वेला, स्ट्रॅटफर्डजवळ, अडीच चौरस किलोमीटर जागा घेतली गेली. दीड-दोनशे वर्षांचे गॅस आणि रसायनांचे कारखाने, रेल्वे यार्ड, कचऱ्याचे ढीग, सगळ्यांचे उष्टे त्या मातीत होते. दोनशेहून अधिक इमारती पाडल्या, विजेचे ५२ मनोरे काढून तारा जमिनीखालून नेल्या आणि सुमारे २० लाख टन माती खणून स्वच्छ केली. जागेवरच माती धुण्याची पाच यंत्रे बसवली होती. तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातले, तांदूळ धुण्याचे. विष बहुतेक वेळा सर्वांत बारीक कणांना चिकटलेले असते. खडी आणि वाळू धुऊन वेगळी काढली की घाण मूठभर गाळात गोळा होते. साधारण ८० टक्के माती तिथेच पुन्हा वापरली गेली. आज तिथे बाग आहे, घरे आहेत. भोपाळच्या जवळपास दुप्पट माती, आणि मुख्य काम उरकले दोन-तीन वर्षांत, कारण उद्घाटनाची तारीख ठरलेली होती: २७ जुलै २०१२.

भोपाळची माती मात्र आपल्याकडच्यासारखीच काळी, चिकण. तिच्यात बारीक कणच जास्त, म्हणून लंडनची धुलाई तिथे जशीच्या तशी चालणार नाही. गाळ वेगळा काढायला गेलो तर मातीच गाळ होईल. बंदिस्त खड्डा, उष्णता देऊन द्रावके उडवणे, काही ठिकाणी जिवाणूंकडून विघटन असे मिश्र उपाय लागतील, आणि त्याआधी २०१० पेक्षा बारकाईने नवी मोजणी. हे सगळे जगात इतरत्र झालेले आहे. त्या जागी स्मारक उभारायची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. माझ्या मते पाया खणण्याआधी माती निवडायला हवी, आणि तिच्यासाठीही एक तारीख ठरायला हवी.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. भोपाळला वर्षाला एक मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे हेक्टरी एक कोटी लिटर. कारखाना बंद पडल्यापासून ४० हून अधिक पावसाळे तिथे पडून गेले आहेत.