टोपलीत पडले तर एक गुण

चतुर्थी चार दिवसांवर आली की गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या घरांत गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीच्या सामानाची धावपळ सुरू होते. नारळाची पेंड, सुपारीचा कातरा, चिबूड, तोरिंजन, रानातली कांगले आणि माट्टी. काही परसातले, काही डोंगरावरचे, राहिलेले बाजारातून आणलेले. हेच सामान संगणकाच्या पडद्यावर वरून एकेक करून पडते आहे आणि खाली एक टोपली डावी-उजवीकडे पळते आहे, असे डोळ्यांसमोर आणा. झेलले तर एक गुण, तीनदा चुकले तर खेळ संपला. पहिलाच व्हिडिओ गेम करायला बसलेल्या मुलासाठी एवढा खेळ पुरेसा आहे.

नवशिक्यांचे गाडे बहुधा एकाच ठिकाणी अडते: त्यांना पहिल्याच झटक्यात मोठा खेळ हवा असतो. मोठमोठी शहरे, गाड्या, शंभर पात्रे! अशा खेळांवर अनुभवी माणसांचे ताफे वर्षानुवर्षे राबतात. जुन्या धाटणीचा, ठसठशीत चौकोनी ठिपक्यांचा खेळ मात्र एकट्याच्या आवाक्यातला असतो.

त्या जुन्या खेळांची घडणच तंगीतून झाली. 1985 सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या 40 किलोबाइटमध्ये मावला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या शंभरपट जागा सहज खातो. जागा वाचवण्यासाठी त्यातले ढग आणि झुडपे एकाच चित्रातून काढली, फक्त रंग बदलला. 1978 चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तर त्याहून नवलाचा. तोमोहिरो निशिकादो यांच्या या खेळात 55 परग्रहवासी पडद्यावर असत. एवढी चित्रे हलवताना यंत्राची दमछाक होई. खेळणारा एकेकाला टिपत गेला की यंत्राचे ओझे हलके होई आणि उरलेले शत्रू आपोआप वेगाने सरकू लागत. यंत्राच्या या मर्यादेनेच खेळाला रंगत आणली.

माटोळीचा खेळ रचायला ‘स्क्रॅच’ हे साधन सोयीचे. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने 2007 मध्ये ते मुलांसाठी खुले केले. ते फुकट आहे आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते. गोव्यात ‘केअर्स’ योजनेखाली सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेतच कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते, तेव्हा या वयाच्या मुलांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

स्क्रॅचचा पडदा 480 ठिपके रुंद आणि 360 ठिपके उंच. मध्यबिंदू शून्य, डावी कड उणे 240, उजवी अधिक 240. म्हणजे गणिताच्या वहीतला आलेखच. चिबूड पडद्याच्या माथ्यावर आडव्या रेषेत कुठेही ठेवायचा, जागा संगणकाने मनाला येईल तशी निवडायची. मग त्याची उंची दर वेळी पाचने कमी करत राहायचे. ही कमी करण्याची कृती इतक्या झरझर होते की डोळ्याला चिबूड पडतानाच दिसतो. टोपलीला शिकवायचे ते एवढेच: उजवा बाण दाबला तर दहा घरे उजवीकडे, डावा दाबला तर डावीकडे. शेवटी एक प्रश्न विचारायचा, चिबूड टोपलीला टेकला का? टेकला तर गुण एकाने वाढवून त्याला पुन्हा वर पाठवायचे. खेळाचा सांगाडा उभा राहिला.

चित्रांसाठी हात सुबक असण्याची गरज नाही. चौकटीच्या वहीत 16 बाय 16 घरे आखून रंग भरावेत. ठिपक्यांच्या रांगोळीत बोटे घातलेल्या मुलीला हे चटकन जमते. कातरा आणि पेंड इतक्या कमी घरांत वेगळी ओळखू येणे कठीण, तिथे रंग कामी येतो. आवाज तर घरातच आहे. आरतीच्या वेळी घुमटावर पडणारी थाप संगणकाच्या माइकवर टिपून घ्यावी आणि प्रत्येक गुणाला ती वाजवावी.

मग भावाला किंवा शेजारच्या मुलाला खेळायला बसवावे आणि आपण गप्प राहावे. काहीही समजावून सांगू नये. तो जिथे अडखळेल तिथे दुरुस्ती हवी. जास्त होतो तो बहुधा वेगच. पाचऐवजी चार करून पाहिले की खेळ सुधारतो.

असे छोटे काम वाया जात नाही. ‘सेलेस्ट’ हा गाजलेला खेळ आधी दोघांनी चार दिवसांत केला होता. ‘पिको-8’ नावाच्या साधनावर, जिथे पडदा 128 बाय 128 ठिपक्यांचा आणि रंग फक्त 16. त्याचेच मोठे रूप 2018 मध्ये बाजारात आले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

पेडणे-डिचोलीतल्या शिक्षकांनी आणि पालकांनी येत्या चतुर्थीच्या सुट्टीपूर्वी मुलांपुढे हा विषय ठेवून पाहावा. माटोळीला काय काय बांधतात, हे मुलांना आधी आजीला विचारून यावे लागेल. कोड लिहिण्याआधी ती यादी वहीत उतरवून घ्यावी.