मैलापाण्यातून इंधन, मग माणूस गटारात का?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात राजगृहातील सुनीत या झाडूवाल्याची हकीकत दिली आहे. तथागतांनी त्याला संघात घेतले. पण सुनीताचे भाऊबंद आजही गटारात उतरत आहेत. म्हणूनच एका संशोधनाची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेचे प्रा. मायकेल हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्यप्रकाशावर चालणारा संडास तयार केला. २०१२ साली गेट्स फाउंडेशनच्या स्पर्धेत त्याला एक लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले.

त्याचे काम असे चालते. सौर पॅनेलची वीज टाकीतील मैलापाण्यात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांना दिली जाते. लघवीत मीठ असतेच. विजेमुळे त्यातून एका पट्टीवर क्लोरीन तयार होतो. तो रोगजंतू मारतो व घाणीचे विघटन करतो. दुसऱ्या पट्टीवर पाण्यातून हायड्रोजन वायू निघतो. हे इंधन साठवून फ्युएल सेलमध्ये वापरले की अंधारातही थोडी वीज मिळते. शुद्ध झालेले पाणी पुन्हा संडासातच वापरता येते. भूमिगत गटाराची गरज राहत नाही.

अर्थात, ही जादू नव्हे. पट्ट्यांवरील लेप महाग पडतो, देखभालीला शिकलेला माणूस लागतो आणि हायड्रोजनपासून मिळणारी वीज खर्च झालेल्या विजेपेक्षा कमीच असते.

पण खरी अडचण यंत्राची नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले. तरीही हे मृत्यू थांबलेले नाहीत. माणसाचा जीव यंत्रापेक्षा स्वस्त असेल तर यंत्र कोण आणील? आणि कोणाचा जीव स्वस्त, हे आपल्या देशात जात ठरविते.

आपल्या मुलामुलींनी रसायनशास्त्र व विद्युतशास्त्र शिकून असे संडास स्वस्त करावेत, अशी आमची इच्छा आहे. पण तोवर हातावर हात ठेवून बसू नये. आपल्या सोसायटीची, शाळेची, विहाराची सेप्टिक टाकी उपसायची वेळ आली की यंत्राचीच गाडी मागवा. पैसे जास्त पडले तरी चालतील. आत माणूस उतरू देऊ नका.

जय भीम!